निकालाची रात्र कोकणातल्या पडवीत: मित्रांसोबत मतमोजणी कशी बघावी

लोकसभेची मतमोजणी सकाळी आठला सुरू होते, पण ती कधी संपेल ते कुणालाच सांगता येत नाही. ४ जून २०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला आणि तो जाहीर होईपर्यंत संध्याकाळ उलटून गेली होती. देशभरातल्या अटीतटीच्या जागा आणि सरकार कुणाचं याची गणितं तर मध्यरात्रीपर्यंत चालतात. हा एवढा लांब दिवस एकट्याने मोबाइलवर बोट सरकवत काढला, तर हाती फक्त थकवा लागतो. पाच-सहा जण एकत्र बसले, एक वही मांडली आणि फेरीगणिक आकडे लिहीत गेले, तर रात्रीपर्यंत आपला मतदारसंघ गावागावांनिशी समजलेला असतो. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा वहीला दिली आहे. जागा, वीज, खाणं या गोष्टी ती वही नीट चालावी एवढ्यासाठीच.

आधी आपला मतदारसंघ ओळखा

कोकणात इथेच पहिला गोंधळ होतो. गुहागर किंवा दापोलीचा माणूस रत्नागिरी जिल्ह्यात राहतो, पण त्याचं लोकसभेचं मत रायगडमध्ये मोजलं जातं. पनवेल, उरण, कर्जतकर रायगड जिल्ह्यातले, पण मतदानाला मावळमध्ये. रायगड मतदारसंघात पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड, दापोली आणि गुहागर हे सहा विधानसभा विभाग येतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गमध्ये चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी. तालुक्याचं नाव विभागाला असेलच असंही नाही. मालवणचा माणूस कुडाळात मोजला जातो, देवगड-वैभववाडीचा कणकवलीत, वेंगुर्ले-दोडामार्गचा सावंतवाडीत, लांज्याचा राजापुरात, मंडणगडचा आणि खेडमधल्या बऱ्याच गावांचा दापोलीत.

ही विभागणी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांपैकी कुणाचं मत गावात आणि कुणाचं डोंबिवलीत, तेही विचारून घ्या. सगळ्यांचा जीव एकाच जागेत अडकलेला नसतो. ज्याचं मत दुसरीकडे आहे, त्याला त्याचं वेगळं पान द्या.

मागच्या वेळचे आकडेही त्याच पानावर हवेत. २०२४ ला रत्नागिरी-सिंधुदुर्गात नारायण राणे ४७,८५८ मतांनी विनायक राऊतांच्या पुढे राहिले. पण सहाही विभाग एका दिशेला नव्हते. सिंधुदुर्गातल्या तीन विभागांत राणे पुढे होते, रत्नागिरीकडच्या तीन विभागांत राऊत. हे ज्याला आधीपासून माहीत असतं, तो दुपारी चिपळूणचा आकडा ऐकून उसळत नाही आणि कुडाळचा ऐकून खचतही नाही.

मंडळींत एखादे वयस्कर काका असतील तर त्यांना सकाळीच मानाने बोलावून घ्या. २००९ च्या निवडणुकीआधी इथे राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ होता. बॅरिस्टर नाथ पै, त्यांच्यानंतर मधु दंडवते, पुढे सुरेश प्रभू, अशी माणसं तिथून निवडून गेली. १९७७ साली निकाल रेडिओवर ऐकायचे. इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या आणि राजापूरचे दंडवते देशाचे रेल्वेमंत्री झाले. ज्यांनी तो काळ पाहिला, त्यांच्याकडून तो ऐकायला निकालाच्या दिवसासारखा दुसरा दिवस नाही. तेव्हा कागदी मतपत्रिका असत, मोजणी दिवसरात्र चाले. २००४ साली पहिल्यांदा लोकसभेची सगळी निवडणूक यंत्रांवर झाली, तेव्हापासून बहुतेक निकाल एका दिवसात लागतात.

आपलं गाव कुठल्या फेरीत येणार

ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, पण सगळी रंगत तिच्यात आहे.

प्रत्येक विधानसभा विभागाची मोजणी वेगळी होते. साधारणपणे एका दालनात चौदा टेबलं मांडतात. प्रत्येक टेबलावर एका मतदान केंद्राचं यंत्र येतं. चौदा यंत्रं मोजून झाली, निरीक्षकांची सही झाली, की एक फेरी पूर्ण. यंत्रं सहसा केंद्रांच्या क्रमांकानेच येतात. म्हणजे पहिल्या फेरीत १ ते १४ क्रमांकाची केंद्रं, दुसरीत १५ ते २८, असं पुढे. एखाद्या विभागात ३०८ केंद्रं असतील तर २२ फेऱ्या होतील.

आता मतदार चिठ्ठीवर आपल्या केंद्राचा क्रमांक बघा आणि त्याला चौदाने भागा. ८७ आला तर भागाकार सहाच्या थोडा वर जातो, म्हणजे आपल्या शाळेतलं यंत्र सातव्या फेरीत उघडणार. शेजारच्या गावांचे, बाजारपेठेचे, मोहल्ल्याचे, बंदराकडच्या वस्तीचे क्रमांक मतदार यादीवरून काढून ठेवा. मग कुठल्या फेरीत कुठला टापू मोजला जातोय ते नुसत्या फेरीच्या आकड्यावरून कळतं. कणकवली विभागात तीन तालुके आहेत. त्यातला एक तालुका सलग मोजला जात असेल तर आघाडी एका बाजूला पळत जाते, आणि पुढचा तालुका सुरू झाला की तेवढीच मागे येते. टीव्हीवर त्याला "मोठा उलटफेर" म्हणतात. वहीवाल्याला तो आदल्या दिवशीच दिसलेला असतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. परवानगी घेऊन टेबलं चौदापेक्षा जास्त मांडता येतात, तेव्हा आदल्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात किती टेबलं आणि किती फेऱ्या ते छापून येतं का बघा आणि भागाकार त्या आकड्याने करा. दुसरं, निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये एका केंद्रावर जास्तीत जास्त १,२०० मतदार ठेवायचं ठरवलं आहे. त्यामुळे केंद्रं वाढतात, क्रमांक बदलतात. जुन्या चिठ्ठीवर विसंबू नका.

वही

दोनशे पानी, आडव्या रेघांची, जाड पुठ्ठ्याची साधी वही घ्या. मोबाइलवर तक्ता करता येतो, पण तो एकालाच दिसतो. उघडी वही पडवीत मधोमध असली की तिच्याभोवती माणसं जमतात आणि आत येणारा प्रत्येक जण वाकून विचारतो, "खयची फेरी चालू आसा?"

आपल्या विधानसभा विभागाला पूर्ण दोन पानं द्या. रकाने असे: फेरी, वेळ, पहिला उमेदवार, दुसरा उमेदवार, इतर, नोटा (म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' ही मतं), या फेरीतला फरक, एकूण फरक. शेवटी एक अरुंद रकाना, आकडा कुठून आला त्याचा. आयोगाच्या संकेतस्थळावरून असेल तर "आ", टीव्हीवरून "टी", फोनवरून "फो". हा रकाना कंटाळून गाळू नका. रात्री आकड्यावरून वाद झाला की तोच उपयोगी पडतो. बाकीच्या पाच विभागांना एक-एक पान पुरे, त्यात तासातासाला फक्त एकूण फरक टाका. त्यानंतरचं पान सगळ्या मतदारसंघाच्या बेरजेचं.

इतरांचा रकाना भरताना सगळे अपक्ष एका ढिगात टाकू नका. २०१४ ला रायगडात अनंत गीते सुनील तटकरेंपुढे फक्त २,११० मतांनी राहिले. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचा आणखी एक अपक्ष उभा होता आणि त्याला ९,८४९ मतं पडली. नावासारखं नाव असलेला उमेदवार आपल्याकडे असेल, तर त्याला स्वतंत्र रकाना हवाच.

दुपारनंतर खरं काम येतं ते उरलेल्या मतांच्या हिशेबाचं. मतदान किती झालं तो आकडा आदल्या दिवशी लिहून ठेवलेला असला पाहिजे. समजा मतदारसंघात एकूण ९,००,००० मतं पडली आहेत, त्यातली ५,४०,००० मोजून झाली आणि आघाडी ४५,००० ची आहे. उरली ३,६०,०००. मागे पडलेल्याला जिंकायचं असेल तर या उरलेल्या मतांत त्याला ४५,००० हून जास्त आघाडी हवी, म्हणजे दर शंभर मतांमागे साडेबारांहून जास्त. आता पान उलटा. उरलेल्या फेऱ्या कुठल्या गावांच्या आहेत आणि तिथे त्याचा जोर केवढा? एवढं झालं की चुरस जिवंत आहे की संपली, ते आपलं आपल्याला कळतं. टीव्हीवर कोण काय ओरडतंय त्याकडे बघावं लागत नाही. जिथे चुरस खरंच जिवंत असते तिथे या हिशेबाने जी उत्कंठा वाढते, ती दुसऱ्या कशाने वाढत नाही.

वही लिहायला अक्षर चांगलं असलेला एक माणूस आणि बेरीज तपासायला दुसरा. शक्य असेल तर हे दोघे वेगवेगळ्या पक्षांचे निवडा. तसं केलंत की वहीवर कुणी शंका घेत नाही. दर तीन तासांनी जोडी बदला. दहावी-बारावीची मुलं घरात असतील तर त्यांना बेरजेला आवर्जून बसवा.

जागा, वीज, रेंज

२०१४ चा निकाल १६ मेला लागला होता, २०१९ चा २३ मेला, २०२४ चा ४ जूनला. म्हणजे एक तर उकाडा किंवा पावसाची चाहूल. मे असेल तर खळ्यात, म्हणजे अंगणात, माटवाखाली बसता येतं. जूनमध्ये खळ्याचा भरवसा धरू नका. पडवी किंवा ओटी रिकामी करा, टीव्ही भिंतीला लावा आणि दाराजवळची जागा मोकळी ठेवा. येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ असते.

वीज जाणारच असं धरून चाला. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त टीव्ही, सेट टॉप बॉक्स, वायफायचा डबा आणि एक दिवा. पंखे, फ्रिज त्यावरून काढून टाका, म्हणजे तो रात्रीपर्यंत टिकेल. मोबाइल आणि पॉवर बँक आदल्या रात्रीच भरून ठेवा. मुसळधार सर आली की छत्रीच्या डिशचं चित्र गोठतं. त्यासाठी पर्याय मोबाइलचा. कुठल्या कंपनीची रेंज पडवीत येते आणि कुठलीला गडग्यापर्यंत जावं लागतं ते गावात सगळ्यांना माहीत असतं, तेव्हा दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेली माणसं मंडळींत असू द्या. तेही बंद पडलं तर सेलवरचा रेडिओ. आकाशवाणीच्या बातम्यांत फेरीचे आकडे मिळणार नाहीत, पण देशाचं चित्र मिळतं.

सकाळी आठ ते संध्याकाळ

आठला टपाली मतं मोजायला घेतात. अर्ध्या तासाने यंत्रं सुरू होतात. साडेनऊपर्यंत टीव्हीवर ज्या आघाड्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याच टपाली मतांच्या असतात. त्या वहीत लिहू नका. तो वेळ न्याहारीचा.

पहिली फेरी हाती यायला नऊ-साडेनऊ होतात. आयोगाच्या संकेतस्थळावर आकडा टीव्हीपेक्षा उशिरा दिसतो, कारण तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून भरला गेल्यावरच तिथे येतो. पण आपल्या पानावर पक्का आकडा तोच. टीव्हीचा आकडा पेन्सिलीने लिहा, आयोगाचा आला की त्यावर शाईने. ओळखीचा कुणी मतमोजणी प्रतिनिधी म्हणून रत्नागिरीला किंवा अलिबागला आत बसला असेल, तर त्याच्या फोनची वाट बघू नका. मोजणीच्या दालनात मोबाइल नेऊ देत नाहीत. बाहेर उभा असलेला स्थानिक पत्रकार ओळखीचा असेल तर तो ध्वनिक्षेपकावरून ऐकलेला आकडा कळवतो, पण त्याला त्या दिवशी शंभर फोन येत असतात. आपल्यातल्या एकानेच त्याला फोन करायचा.

देशाच्या आकड्यांसाठी वेगळं पान करा आणि त्यावर वर ठळक २७२ लिहा. एकूण ५४३ जागांचं ते बहुमत. २०२४ ला सुरतची जागा बिनविरोध झाल्यामुळे प्रत्यक्ष मोजणी ५४२ जागांची होती. एकट्या मोठ्या पक्षाचा आकडा आणि आघाडीचा आकडा वेगळे लिहा. २०२४ ला भाजप २४० वर आणि एनडीए २९३ वर थांबली. सगळ्या रात्रीची चर्चा या दोन आकड्यांमधल्या अंतरावर होती. एक्झिट पोलचे आकडेही कडेला लिहून ठेवा. २००४ आणि २०२४, दोन्ही वेळा मतपेटीने त्यांना मोठा धक्का दिला आहे.

दुपारी दीड ते साडेतीन झोप घ्या. मी हे अगदी गंभीरपणे सांगतो. रात्री जागायचं असेल तर दुपारी पाळीपाळीने सगळ्यांनी तासभर आडवं व्हावं. वहीपाशी दोघं जागे असले की बस.

खाणं

१ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. निकाल जूनमध्ये आला तर ताज्या म्हावऱ्याचा बेत करू नका. सुकट, सोडे, सुके बांगडे आहेतच. सकाळी घावणे आणि चटणी, दुपारी भात, सुकटीचं कालवण आणि कोकमाची कढी. जड जेवण देऊ नका, सगळे पेंगतात. संध्याकाळी कांदाभजी, चहा. निकाल मेमध्ये असेल तर आंबा, काजूगराची उसळ.

रात्रीसाठी दोनच गोष्टी सुचवतो. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या आठळ्यांची मोठी परात मध्ये ठेवावी. सोलत बसायला हाताला काम मिळतं आणि झोप उडते. आणि अकरानंतर उकड्या तांदळाची गरम पेज, सोबत खाराची कैरी. तिच्याएवढं पोटाला हलकं आणि जागं ठेवणारं दुसरं काही नाही. स्वयंपाक घरातल्या बायकांवर टाकून पुरुष मंडळी टीव्हीसमोर, असं करू नका. त्यांनाही निकाल बघायचा असतो. परात, पेज, चहा यांच्या पाळ्या सगळ्यांच्या लावा.

मतमोजणीच्या दिवशी ड्राय डे असतो. ते बरंच आहे.

वाद होणार, मैत्री सांभाळा

वेगवेगळ्या पक्षांचे मित्र एकत्र बसवले की आवाज चढणारच, आणि तरीही तसेच बसवा, असं माझं ठाम म्हणणं आहे. एकाच बाजूचे सगळे जमले की कुणी वहीकडे बघत नाही. फक्त काही गोष्टी आठ वाजायच्या आत सगळ्यांसमोर बोलून घ्या. पैशांची पैज नाही. ती बेकायदा आहे आणि गावात तिची कटकट वर्षभर पुरते. त्याऐवजी प्रत्येकाने चिठ्ठीवर आपल्या जागेचा विजेता आणि फरक लिहून डब्यात टाकावा, सगळ्यात जवळ येणाऱ्याला एक कापा फणस. उमेदवारावर बोला, समोरच्याच्या जातीवर, धर्मावर, वाडीवर नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आकडा वहीत असल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. आणि ज्याचा उमेदवार हरला त्याच्या दारात त्या रात्री फटाके लावायचे नाहीत. त्याला आधी पेज वाढा.

रात्री

यंत्रांच्या फेऱ्या संपल्या म्हणजे निकाल लागला असं नाही. आयोगाच्या २०२५ च्या सूचनेप्रमाणे, टपाली मतं पूर्ण मोजून झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करत नाहीत. म्हणून शेवटाजवळ एकदम सगळं थांबल्यासारखं वाटतं. घाबरू नका. त्यानंतर प्रत्येक विधानसभा विभागातली पाच केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या कागदी चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्याशी ताडून बघतात. सहा विभाग म्हणजे तीस केंद्रं. याला वेळ लागतो.

फरक फार कमी असेल तर आणखी दोन पायऱ्या येतात. विजयाचा फरक बाद ठरलेल्या टपाली मतांपेक्षा कमी भरला, तर ती सगळी बाद मतं पुन्हा तपासावी लागतात. उमेदवार फेरमोजणीही मागू शकतो, पण ती द्यायची की नाही हे निर्णय अधिकारी कारणं नोंदवून ठरवतो. मतं अगदी समसमान झाली तर कायद्यानेच चिठ्ठी टाकून विजेता ठरतो. ही सगळी वाट पाहताना अनामत कुणाची राहिली ते काढा. वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर २५,००० रुपये जप्त होतात, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराचे १२,५००. हा हिशेब करताना नोटाची मतं धरत नाहीत.

विजेत्याला प्रमाणपत्र दिल्याची बातमी आली की आपल्या मतदारसंघाचं पान बंद करा, खाली तारीख, वेळ आणि हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. ज्यांना पुढे जागायचं आहे त्यांनी देशाच्या पानावर बसावं. आंध्र, बिहार, उत्तर प्रदेश, जिथली एखादी जागा सरकारचं गणित हलवू शकते तिथे. ज्यांना पहाटे शेतात किंवा कामावर जायचं आहे त्यांना सोडा. घाटातल्या किंवा खाडीपलीकडच्या वाडीतला कुणी असेल तर त्याला रात्री मोटारसायकलवर परत पाठवू नका, अंथरूण टाकून द्या.

काही दिवसांनी

वही माळ्यावर टाकू नका. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर नंतर फॉर्म २० येतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला आणि नोटाला किती मतं पडली ते असतं. आपल्या विभागाचा कागद उतरवून घ्या, आपल्या वहीतल्या फेऱ्यांशी जुळवा आणि केंद्रांसमोर गावांची नावं लिहा. पुढच्या वेळी पहिल्या पानावर हेच आकडे लागणार आहेत. टपाली मतांची बेरीज त्यात शेवटी वेगळी दाखवलेली असते, ती धरायला विसरू नका, नाहीतर एकूण जुळत नाही.

लहान केंद्रांच्या आकड्यांबाबत एक काळजी मात्र घ्या. जिथे दोन-तीनशेच मतं पडली आहेत, तिथे कुठल्या वाडीने कुणाला मत दिलं याचा अंदाज लोक लगेच बांधतात. असा कागद गावच्या ग्रुपवर टाकू नका. वहीत ठेवा आणि ज्याला बघायचा असेल त्याला घरी बोलावून दाखवा.